सुशीच्या शोधात टोकियोभर

मैत्रिणींनो, 'सुशी' म्हटलं की मला आधी आठवते ती आमच्या वर्गातली सुशी. सुशीला तिचं खरं नाव; दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी आणि डब्यात रोज दहीभात. त्यामुळे "आई, तू इकडे आलीस की तुला चांगली सुशी खायला घालतो," असं मुलगा टोकियोहून फोनवर म्हणाला, तेव्हा मला आधी हसूच आलं. धास्ती वाटली ती नंतर. कच्चा मासा, आणि तोही भाताच्या मुटक्यावर! आमच्या घरी मासे होतात, पण ते कसे? हळद-मीठ चोळून, आगळ लावून, चरचरीत तव्यावर. कच्चा मासा आम्ही फक्त मांजराला घालतो. ह्यांनी तर निघण्याआधीच जाहीर करून टाकलं, "मी तिकडे पिठलं-भातावर राहीन. तुला काय खायचं ते खा."

तीन महिने राहून परत आले. सुशी आवडायला लागली हे तर खरंच. पण ती कुठे चांगली मिळेल हे माझं मला ओळखता यायला लागलं, ह्याचा आनंद जास्त. टोकियोत सुशीची दुकानं गल्लोगल्ली आहेत. एका जेवणाला हजार येन घेणारी आहेत, तशी तीस-चाळीस हजार घेणारीही आहेत. (येन म्हणजे आपला अर्धा रुपया, फार तर थोडा जास्त, असं धरून हिशोब करा.) हल्ली तुमच्यापैकी कितीतरी जणींची मुलं तिकडे नोकरीला असतात, पुष्कळ जणी चेरीच्या बहरात टूरबरोबर जातात. म्हणून म्हटलं, जे फजिती होऊन शिकले ते तुम्हाला आयतं सांगावं.

बोट दाखवलं आणि फसले

हो, सुरुवात फजितीनंच झाली. पहिल्याच शनिवारी मुलगा आम्हा सगळ्यांना एका झगमगत्या भागातल्या दुकानात घेऊन गेला. काउंटरवर काचेच्या पेटीत मासे असे मांडलेले, जसे सराफाकडे दागिने. भिंतीवर लाकडी पट्ट्या, त्यांवर माशांची नावं. काहींपुढे किंमत होती, काहींपुढे नुसती दोन अक्षरं. मी आपली साडीच्या दुकानात बसल्यासारखी बोट दाखवत गेले. "हे एक. ते केशरी दिसतंय ते एक. आणखी एकदा ते."

बिल झालं बावन्न हजार येन. मुलानं हसत हसत दिलं, पण सूनबाईची नजर क्षणभर त्याच्याकडे गेली ती मला दिसली. घर चालवणाऱ्या बाईची ती नजर. मला ओळखायला वेळ लागला नाही. रात्री तिनंच समजावलं, "आई, ती दोन अक्षरं म्हणजे 'जिका'. त्या दिवशीचा बाजारभाव. तो विचारूनच घ्यायचा असतो."

आता सांगा, आपल्याकडे मासळी बाजारात कोळणीला भाव विचारल्याशिवाय आपण पापलेटाला बोट तरी लावतो का? मग तिथे मी का नाही विचारलं? तर दुकान झगमगीत होतं आणि मी बुजले होते. अन्न वाईट नव्हतं हो. पण काय खाल्लं ते आज आठवत नाही, बिल तेवढं आठवतं. त्या रात्री ठरवलं, यापुढे सुशी खायची ती माझ्या अकलेनं. चाळीस वर्षं स्वयंपाकघरात जे नाक, जे डोळे आणि जे हात कमावले, ते विमानतळावर काढून ठेवायचे नाहीत.

'नेता' वर, 'शारी' खाली

मुळात सुशी म्हणजे कच्चा मासा, ही आपली समजूतच चुकीची आहे. सुशी म्हणजे आंबट भात. त्या शब्दाचा जुना अर्थच आंबट. शेकडो वर्षांपूर्वी मासा टिकावा म्हणून तो मीठ लावून भातात दडपून ठेवत. भात आंबायचा, मासा टिकायचा. मग मासा खायचा आणि भात टाकून द्यायचा. बिवा नावाच्या तळ्याकाठी ह्या जातीची फुनाझुशी अजून करतात. पुढे एवढे महिने कोण थांबणार, म्हणून भातात सरळ व्हिनेगर घालायला लागले, आणि भात टाकायचा तो खायला लागले.

आज आपण फोटोत पाहतो ती, म्हणजे भाताच्या मुटक्यावर माशाचा काप, ही सुशी टोकियोचीच. टोकियोचं जुनं नाव एदो. तिथे 1820 च्या दशकात हानाया योहेई नावाच्या माणसानं ती चालू केली असं मानतात. रस्त्याकडेच्या गाडीवर, उभ्या उभ्या खायचा तो पदार्थ होता. आपला वडापावच म्हणा ना! तेव्हा बर्फ कुठला, फ्रिज कुठला? म्हणून मासा मीठ-व्हिनेगरात मुरवत, सोया सॉसमध्ये बुडवत, नाहीतर चक्क शिजवत. आणि आज ज्या चरबीदार ट्यूनाला सोन्याचा भाव आहे, त्याला त्या काळी कुणी विचारत नसे.

भाषेची गंमत पाहा. भाताला सुशीवाले म्हणतात 'शारी', आणि हा शब्द आपल्या संस्कृत 'शरीर'वरून गेलेला. बुद्धाच्या अस्थींना तिकडे हे नाव आहे, आणि पांढरे शुभ्र दाणे तसे दिसतात म्हणून भातालाही तेच मिळालं. भातावर जो मासा बसवतात त्याला म्हणतात 'नेता'! मी पोट धरून हसले. पण त्यातच सगळं आलं बघा. वरचा नेता कितीही देखणा असो, खालचा भात चांगला नसेल तर सगळं फुकट. चांगलं सुशीचं दुकान ओळखायचं ते भातावरून. तो आपल्या आंबेमोहोरासारखा आखूड दाण्याचा, किंचित चिकट. गरम असतानाच लाकडी परातीत उपसून त्यात व्हिनेगर, साखर, मीठ घालतात आणि वारा घालत हलक्या हातानं कालवतात. हातात घेतला की आपल्या अंगाइतकाच कोमट लागला पाहिजे. फ्रिजमधून काढल्यासारखा गार आणि टणक असेल, तर खुशाल उठून या.

ह्या भातामागे एक आठवणही आहे, ती मला फार जवळची वाटली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात धान्याची टंचाई होती आणि 1947 साली खाणावळींवर बंदी आली. तेव्हा सुशीवाल्यांनी वाट काढली. गिऱ्हाइकानं आपल्या घरचे मापभर, म्हणजे मूठ-दोन मूठ, तांदूळ आणायचे आणि करणावळ देऊन त्याच्या बदल्यात दहा सुशी न्यायच्या. दिवाळीत आपल्या आया रवा, तूप, साखर घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणायला जात, तसंच हे. रेशनच्या दिवसांत घर चालवलेल्या बाईला ह्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

बाजारात एक चक्कर

मुलाचं घर निशिकासाईला. तिथे भारतीय इतके की वाण्याकडे तूरडाळ आणि हिंगसुद्धा मिळतो. तिथून तोझाई लाइननं कायाबाचो, तिथे बदलून हिबिया लाइननं त्सुकिजी. हा प्रवास मी एकटीनं पहिल्यांदा केला तेव्हा पर्स छातीशी धरली होती. पुढे पुढे वाटेत डुलकी लागायची.

त्सुकिजीचा घाऊक मासळी बाजार 1935 पासूनचा, पण तो 2018 च्या ऑक्टोबरमध्ये तोयोसुला हलला. जुन्या पुस्तकांवर विसंबून पहाटे लिलाव बघायला त्सुकिजीला जाल तर फसाल. बाहेरच्या गल्ल्यांतली शेकडो लहान दुकानं मात्र जागच्या जागी आहेत. सुऱ्या, सुकी मासळी, लोणची, चहा आणि मधूनमधून सुशीची चिंचोळी दुकानं. काडीला टोचलेलं गरम गोडसर अंड्याचं ऑम्लेट घ्या आणि सकाळी नऊच्या आत फिरून या. नंतर गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. जवळच त्सुकिजी होंगान्जी हे बुद्धाचं मंदिर आहे, 1934 साली बांधलेलं. ते बांधणारे इतो चुता भारत फिरून गेलेले होते. दर्शनी कमान पाहिली आणि मला कार्ल्याच्या लेण्याची आठवण झाली. परमुलखात माहेरचं माणूस भेटावं तसं वाटलं.

तोयोसुचा नवा बाजार बंदिस्त, लखलखीत. लिलाव काचेआडून बघायचा. 2019 च्या नव्या वर्षाच्या पहिल्या लिलावात तिथे 278 किलोचा एक ट्यूना 33 कोटी 36 लाख येनला गेला. घेणारा एका सुशी-साखळीचा मालक! हा खर्च जाहिरातीचा हे उघड आहे. तेव्हा किमतीच्या आकड्यावरून चवीचा अंदाज बांधू नका. तिथल्या दोन-चार प्रसिद्ध दुकानांसमोर तासन् तास रांगा असतात. रांग दिसली की मी आधी रांगेतली माणसं बघते. चाकांच्या बॅगा घेतलेले पाहुणेच असतील तर पुढे चालू लागते. ऑफिसचे बाबू आणि हातात भाजीची पिशवी घेतलेल्या आज्या असतील तर थांबते.

आणखी एक. बाजार रविवारी बंद, कित्येक बुधवारीही बंद. बरीच जुनी दुकानं त्याच दिवशी सुट्टी घेतात. त्याचा राग मानू नका. ती चांगलीच खूण आहे.

फिरत्या बशांपासून सुरुवात

नवख्या बाईनं पहिला धडा गिरवायचा तो फिरत्या पट्ट्याच्या दुकानात. ह्याला 'काइतेन-झुशी' म्हणतात. योशिआकी शिराइशी ह्या माणसानं बियरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहिल्या, आणि त्यावरून 1958 साली ओसाकाजवळ असं पहिलं दुकान काढलं. बशी सव्वाशे-दीडशे येनपासून, बशीच्या रंगावरून किंमत. शेवटी बशा मोजून बिल. लपवाछपवी नाही. 2023 साली काही टवाळ पोरांनी पट्ट्यावरच्या अन्नाला थुंकी लावून चित्रफिती काढल्या, तेव्हापासून अनेक दुकानांनी उघड्या बशा फिरवणं बंद केलं. आता समोरच्या पडद्यावर चित्र दाबायचं की तुमची बशी सरळ तुमच्यापुढे येऊन थांबते. भाषेची अडचणच नाही.

टेबलाशी एक काळा नळ असतो, तो हात धुवायचा नव्हे! त्यातून चहाचं कढत पाणी येतं. कपात हिरव्या चहाची पूड घालायची आणि तो दाबायचा. आमच्या ह्यांनी हात पुढे केलाच होता. सूनबाईनं वेळेवर धरला.

पण तिथला भात यंत्रानं दाबलेला असतो. पोट भरतं, ओळख होते, मुलं खूष होतात. सुशी म्हणजे काय ते मात्र हाताच्या सुशीनंच कळतं. मधला मार्ग म्हणजे मोठमोठ्या डिपार्टमेंट स्टोअर्सची तळघरं. तिथल्या खाद्यविभागात सुशीचे सुबक डबे मिळतात, आणि संध्याकाळी बंद व्हायच्या सुमाराला त्यांवर सवलतीच्या चिठ्ठ्या चिकटतात. त्या चिठ्ठ्यांसाठी थांबणाऱ्या जपानी गृहिणी पाहिल्या आणि जीव भांड्यात पडला. जगभर बायका सारख्याच!

निम्मी परीक्षा दारातच

खरी गोडी आहे ती घराजवळच्या, आठ-दहा जण बसतील एवढ्या दुकानांत. ती कशी ओळखायची ते सांगते.

पहिली परीक्षा नाकाची. सुशीच्या चांगल्या दुकानाला माशाचा वास येत नाही. दार सरकवलं की व्हिनेगरचा हलका आंबूस वास यायला हवा. मासळीचा वास आला तर परत फिरा. लाज बाळगू नका.

दुसरी डोळ्यांची. दारावरचा कापडी पडदा धुतलेला आहे का, उंबऱ्यापाशी पाणी मारलेलं आहे का, आणि आतला लाकडी काउंटर घासूनपुसून मऊ झाला आहे का. ज्याचा उंबरा स्वच्छ त्याचं पोळपाट स्वच्छ, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

तिसरी हिशोबाची. दुपारच्या जेवणाचा भाव बाहेर लिहिलेला असतो. रात्री आठ-दहा हजार घेणारं दुकान दुपारी तोच मासा, तोच हात हजार-दोन हजारांत देतं. म्हणून जायचं ते दुपारीच. ताटाच्या बहुधा तीन प्रती असतात: 'नामी', 'ज्यो' आणि 'तोकुज्यो'. आपल्याकडे नामी म्हणजे झकास, तिकडे नामी म्हणजे साधं! मी दोनदा "नामी, नामी" म्हणून मोठ्या ऐटीत सगळ्यांत स्वस्त ताट मागवलं. पण पश्चात्ताप नाही. नवीन दुकानात साधं ताटच मागवावं. साध्या वरणभातावरून सुगरण कळते, पुरणपोळीवरून नव्हे.

मुलं मोबाइलवर तारे मोजतात, त्याबद्दलही एक सांगते. तिकडच्या लोकांचं 'ताबेलोग' म्हणून आहे. त्यावर पाचपैकी साडेतीन म्हणजे उत्तम; जपानी माणूस गुण देताना हात आखडता घेतो. साडेतीन बघून नाक मुरडू नका.

काउंटरशी बसल्यावर

आत गेल्यावर मोठा मासा मागू नका. आधी 'तामागो', म्हणजे अंड्याची गोडसर वडी मागा. ती नीट जमलेली असेल तर हात बसलेला आहे असं समजा. मग 'कोहादा'. लहानसा, चंदेरी, स्वस्त मासा. मीठ आणि व्हिनेगर किती वेळ लावायचं ह्यातच सगळं कसब. मग 'साबा', म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद. बांगडा किती लवकर नासतो ते आपण जाणतोच; म्हणून तिकडेही तो मीठ-व्हिनेगरात मुरवूनच देतात. पूर्वी साबा नासायच्या आत खपवायची इतकी घाई, की कोळी भराभर मोजताना आकडा चुकवत. त्यावरून जपानीत 'साबा वाचणे' म्हणजे आकड्यात गडबड करणे, आणि बाई वय चोरते तेव्हा हाच शब्द वापरतात. घ्या, बांगड्यावरूनसुद्धा टोमणा आपल्यालाच!

खायची रीत सोपी आहे. हातानं खाल्लं तरी चालतं, हे ऐकून मला हायसं झालं. मासा सोया सॉसला जरासा टेकवायचा, भात बुडवायचा नाही, नाहीतर तो सुटतो. पुढ्यात ठेवली की लगेच, एका घासात. आल्याचं लोणचं दोन घासांच्या मध्ये, तोंड साफ करायला. ताटातली कोशिंबीर म्हणून नव्हे. हिरवी वासाबी जपून! लोणच्याची मोहरी फेसताना नाकातून मस्तकात जाते ना, तशी ती जाते. नको असेल तर 'साबी-नुकी' एवढंच म्हणा. अत्तर लावून किंवा घमघमीत गजरा माळून जाऊ नका. शेजारच्याच्या तोंडची चव जाते. टीप ठेवायची पद्धत नाही. आणि गरोदर मुलगी किंवा सून बरोबर असेल तर तिला कच्चा मासा देऊ नका. उकडलेली कोळंबी, शिजवलेला 'आनागो' असं मागवा.

शाकाहारी मैत्रिणींनो, तुम्ही उपाशी राहणार नाही. 'काप्पा-माकी' म्हणजे काकडीची गुंडाळी. 'इनारी' म्हणजे गोडसर तळलेल्या सोयाच्या पिशवीत भरलेला भात. आणि 'कान्प्यो-माकी' म्हणजे वाळवलेल्या भोपळ्याच्या पट्ट्या शिजवून केलेली गुंडाळी. तो भोपळा आपल्या दुधी भोपळ्याच्याच जातीचा! पण एक सावधगिरी: इनारी आणि कान्प्यो शिजवताना बरेचदा माशाचं पाणी वापरतात. कडक पाळत असाल तर विचारून घ्या. काकडी सगळ्यांत निर्धोक.

गरम हातांची गोष्ट

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

घरापासून दहा मिनिटांवर एक दुकान मी ह्याच खुणांवरून हेरलं होतं. एक म्हातारबुवा, चहा देणारी त्यांची बायको आणि काउंटरच्या दुसऱ्या टोकाला तिशीतली मुलगी. मी आत गेले आणि नकळत पुढे सरकले, म्हाताऱ्यासमोरच्या जागेकडे. मनात म्हटलं, बुवांनीच करून दिली तर बरं. पोरीला काय येणार? पण ती जागा भरलेली होती. मला मुलीसमोर बसावं लागलं.

तिनं हात व्हिनेगरच्या पाण्यात बुडवले, टाळी वाजवून झटकले, भात उचलला. दोन-तीन हालचाली, बस. मी लाडू वळणारी बाई आहे. किती दाबला म्हणजे धरून राहतो आणि किती दाबला म्हणजे दगड होतो, हे माझ्या तळहाताला कळतं. तिची सुशी उचलताना अखंड होती आणि तोंडात गेल्यावर दाणा न् दाणा सुटला. कोमट, आंबट, मऊ. त्या बावन्न हजारांत मला हे मिळालं नव्हतं.

गर्दी ओसरल्यावर मोबाइलच्या भाषांतराचा आधार घेऊन आम्ही बोललो. ती म्हणाली, "अजूनही काही जण उठून बाबांसमोर जाऊन बसतात. बाईचे हात गरम असतात, मासा बिघडतो, असं म्हणतात." मी मान खाली घातली. मीही तेच करायला निघाले होते की!

घरी येऊन सूनबाईला विचारलं. ती म्हणाली, हा जुना समज आहे. सुशीच्या काउंटरमागे बाई उभी राहूच नये, पाळीमुळे तिची चव बदलते, असंही ह्या धंद्यातली माणसं सांगत आली. 2010 साली अकिहाबारा भागात 'नादेशिको' नावाचं फक्त बायकांनी चालवलेलं सुशीचं दुकान निघालं, तेव्हा त्याची बातमी झाली. बायकांनी स्वयंपाक केला ह्याची बातमी! घरात जन्मभर करा, त्याची बातमी नाही.

मला माहेरची लोणच्याची बरणी आठवली. चौदा वर्षांची असताना घरभराच्या कैऱ्या मी फोडत होते, मीठ मी लावत होते. पण त्या चार दिवसांत बरणीवर माझी सावली पडलेली आईला चालत नसे. लोणचं नासतं म्हणे. लोणचं एकदाच नासलं, आणि ते काकांनी ओला चमचा घातला म्हणून. त्याबद्दल कुणी काकांना स्वयंपाकघराबाहेर बसवलं नाही. हात गरम असतील तर ते पाण्यात बुडवून गार करता येतात. पुरुषही तेच करतात, मी डोळ्यांनी पाहिलं. मग अडलं कुठे?

निघायच्या आधीच्या आठवड्यात ह्यांना ओढून त्या दुकानात नेलं. "पिठलं-भात घरी आल्यावर," म्हटलं. आत शिरताच हे सवयीनं म्हाताऱ्यासमोरच्या रिकाम्या जागेकडे वळले. मी बाही धरली. "इकडे बसा. इथे." ह्यांनी आधी अंड्याची वडी खाल्ली, मग कान्प्यो, आणि मग माझ्या ताटातला एक साबा मुकाट्यानं उचलला. चावून झाल्यावर एवढंच म्हणाले, "बांगडाच की गं!" दोघांचं बिल सव्वीसशे येन. बाहेरचा फलक मी आधीच वाचला होता.

तर मैत्रिणींनो, टोकियोला जाल तेव्हा दारात थांबून वास घ्या, उंबरा बघा, भाव विचारा, भात चाखा. आणि काउंटरच्या एका टोकाला एखादी पोर उभी असेल, तर तिच्यासमोर जाऊन बसा.